समोरचा आता काय खेळणार? दगड-कागद-कात्रीच्या बॉटला प्रतिस्पर्धी ओळखायला शिकवताना

बुद्धिबळाचा प्रोग्राम चाल शोधताना गृहीत धरतो की समोरचाही तितकाच हुशार आहे आणि आपल्याला सर्वांत जाचक ठरेल तीच चाल तो करणार. सगळं पटावर उघड असतं तिथे हे चालून जातं. दगड-कागद-कात्रीत पटच नाही. पाहण्यासारखं जे काही आहे ते समोरच्याच्या सवयींत आहे. म्हणून प्रतिस्पर्ध्याचं मॉडेल कसं बांधायचं हे शिकायला याहून चांगला खेळ नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डार्स बिलिंग्ज यांनी १९९९ साली या खेळाच्या प्रोग्रामांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली होती. सामना १,००० फेऱ्यांचा. डॅन एग्नोर यांचा ‘आयोकेन पावडर’ जिंकला. खालची बांधणी त्याच घराण्यातली आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी: अंदाज बांधणारा कोड एका संध्याकाळी लिहून होतो. त्या अंदाजावर कधी आणि किती विसंबायचं हे ठरवणारा कोड नीट बसेपर्यंत बॉट जिंकत नाही. वेळेची वाटणी त्या हिशोबाने करा.

तिन्ही चाली प्रत्येकी एक तृतीयांश शक्यतेने, खरोखर यादृच्छिक (कसल्याही क्रमाशिवाय) खेळल्या तर सरासरीत कोणीही तुम्हाला हरवू शकत नाही. पण तुम्हीही कोणाला हरवत नाही, अगदी सतत दगडच टाकणाऱ्यालाही नाही. स्पर्धेत गुण फरकावर मिळत असतील आणि पन्नासांतले दहा-बारा बॉट कच्चे असतील, तर असा सुरक्षित बॉट तक्त्याच्या मधोमध अडकतो. मॉडेल हवं ते एवढ्यासाठीच. मात्र मॉडेलप्रमाणे खेळायला लागलात की तुमचीही सवय तयार होते आणि तीही कोणी तरी वाचू शकतो.

नोंदवही आणि आकडे

दगड ०, कागद १, कात्री २. मग कुठल्याही चालीला हरवणारी चाल म्हणजे तिच्यात १ मिळवून ३ने भागल्यावर उरणारी बाकी. आपली चाल वजा त्याची चाल, अधिक ३, भागिले ३ची बाकी: ० आली तर बरोबरी, १ आली तर आपण जिंकलो, २ आली तर हरलो. पुढचा सगळा कोड याच बाकीवर चालतो, त्यामुळे जिंकण्या-हरण्याचे ‘जर-तर’ वेगळे लिहू नका.

दोन याद्या ठेवा, एक आपल्या चालींची आणि एक त्याच्या. दोन्ही चाली उघड झाल्यावरच दोन्ही याद्यांत एकदम भर घाला. आपली चाल आधी टाकली आणि त्याची नंतर, तर मधल्या क्षणी याद्यांची लांबी जुळत नाही आणि जोडीवर आधारलेले सगळे अंदाज एका फेरीने सरकतात. कोड चालतो, चूक कुठे दिसत नाही, फक्त बॉट जिंकत नाही.

सरावासाठी सात-आठ प्रतिस्पर्धी आधीच लिहून ठेवा: सतत दगड टाकणारा, दगड २०%, कागद २०%, कात्री ६०% असा कललेला, दगड-कागद-कात्री चक्राने फिरणारा, आपली मागची चाल जशीच्या तशी टाकणारा, आपल्या मागच्या चालीला हरवणारा, आपण सर्वांत जास्त टाकलेल्या चालीला हरवणारा, आणि पूर्ण यादृच्छिक. यातले दोन बाजूला काढा आणि बॉट पूर्ण होईपर्यंत त्यांच्याशी खेळू नका. नाहीतर बॉट या सात जणांपुरताच शहाणा होईल.

अंदाज बांधणारे

पहिला अंदाजक वारंवारतेचा. तीन मोजके ठेवा. दर फेरीनंतर तिन्हींना ०.९५ने गुणा आणि त्याने टाकलेल्या चालीच्या मोजक्यात १ मिळवा. ०.९५ म्हणजे साधारण मागच्या २० फेऱ्यांची आठवण, ०.९९ म्हणजे १०० फेऱ्यांची. १ भागिले (१ वजा गुणक) हा त्याचा हिशोब. कललेल्या बॉटला हा ठीक पकडतो. चक्राने फिरणाऱ्यासमोर मात्र मजा होते. सर्वांत ताजी चाल सर्वांत जड असल्याने हा म्हणतो, ‘मागची चाल पुन्हा येईल’. आपण तिला हरवणारी चाल टाकतो. आणि चक्रातली पुढची चाल नेमकी तीच असते. हजार फेऱ्या, जवळजवळ हजार बरोबऱ्या. इतका सरळ प्रतिस्पर्धी आणि पदरात काहीच नाही. यातून कळतं की किती वेळा टाकलं यापेक्षा कशानंतर काय टाकलं हे बघावं लागतं.

दुसरा अंदाजक संदर्भाचा. मागच्या काही फेऱ्या ही किल्ली, आणि त्या किल्लीखाली पुढच्या चालीचे तीन मोजके. दोघांच्या चाली मिळून किल्ली केली तर एका फेरीला ९ संदर्भ होतात, दोन फेऱ्यांना ८१, तीन फेऱ्यांना ७२९. सामना हजार फेऱ्यांचा, म्हणजे तीन फेऱ्यांच्या किल्लीत प्रत्येक संदर्भ सरासरी दीडदाही भेटत नाही. तक्ता भरेपर्यंत सामना संपतो. जोडीची किल्ली एका, फार तर दोन फेऱ्यांची ठेवा. फक्त त्याच्याच चालींची किल्ली असेल तर चार फेऱ्यांपर्यंत जाता येतं, तिथेही ८१च संदर्भ होतात.

छोटा तक्ता हा काही कमीपणा नाही. क्लॉड शॅनन यांनी १९५३च्या सुमारास बेल लॅब्समध्ये छापा-काटा जुळवण्याच्या खेळासाठी जे यंत्र केलं, त्यात फक्त आठ परिस्थिती होत्या: खेळाडू आधी जिंकला की हरला, मग त्याने तेच ठेवलं की बदललं, आणि मग जिंकला की हरला. प्रत्येक परिस्थितीत तो मागच्या दोन वेळा काय वागला एवढंच यंत्र लक्षात ठेवायचं. दोन्ही वेळा सारखंच वागला असेल तर तोच अंदाज, नाहीतर यादृच्छिक चाल. त्यांचे सहकारी हॅगलबार्गर यांचं यंत्र मोठं होतं. दोन्ही यंत्रं एकमेकांशी खेळवली तेव्हा शॅनन यांचं छोटं यंत्र सरस ठरलं.

तिसरा अंदाजक जुळणीचा. इतिहासाचं शेपूट घ्या आणि ते आधी कुठे जसंच्या तसं आलं होतं ते शोधा. सर्वांत लांब जुळणी निवडा, बरोबरी असेल तर सर्वांत अलीकडची. त्या जुळणीनंतर त्याने जे टाकलं होतं तोच अंदाज. लांबीला २०ची मर्यादा पुरते. फक्त त्याच्या चाली, फक्त आपल्या चाली आणि दोन्ही मिळून अशा तीन स्वतंत्र जुळण्या चालवा. आपल्या चालींची जुळणी अनावश्यक वाटते, पण आपली नक्कल करणारे किंवा आपल्यालाच वाचणारे बॉट तिच्यातच सापडतात.

आता अंदाजावरून चाल कशी काढायची? ‘सर्वांत शक्य चाल शोधा आणि तिला हरवा’ ही सर्रास होणारी चूक आहे. समजा अंदाज आला: दगड ४०%, कागद २२%, कात्री ३८%. दगड सर्वांत शक्य, म्हणून कागद टाकला, तर मिळकत ४० वजा ३८, म्हणजे फेरीला जेमतेम ०.०२. त्याऐवजी दगड टाकला, तर कात्रीला हरवून ३८ मिळतात आणि कागदापुढे २२ जातात: ०.१६, म्हणजे आठपट. तेव्हा तिन्ही चालींची अपेक्षित मिळकत काढा आणि सर्वांत मोठी घ्या. जुळणीचा अंदाजक एकच चाल सांगतो, तिथे हा प्रश्न येत नाही. मोजक्यांच्या अंदाजकांत येतो.

मोजके शून्यापासून सुरू करू नका, प्रत्येकी १ देऊन सुरू करा. एखादा संदर्भ एकदाच भेटला आणि त्यात दगड आला, तर शून्यापासून मोजणारा तक्ता ‘दगड १००%’ म्हणतो. १ देऊन सुरू केलेला ५०-२५-२५ म्हणतो. एका नोंदीवर एवढाच विश्वास रास्त आहे.

शेरास सव्वाशेर

समोरचाही बॉट आहे, त्याच्याकडेही अंदाजक आहेत. तुमचा अंदाज ‘प’ असेल तर तुम्ही प अधिक १ टाकणार. त्याने हे ओळखलं तर तो प अधिक २ टाकेल. मग तुम्हाला प अधिक ३, म्हणजे परत प, टाकायला हवं. तेही त्याने ओळखलं तर तो प अधिक १ टाकेल आणि तुम्ही प अधिक २. त्यापुढची पायरी पुन्हा पहिल्याच चालीवर येते. चाली तीनच आहेत, म्हणून कुरघोडीच्या पायऱ्याही तीनच. ‘तो असं समजतो की मी असं समजतो’ याचा शेवट नाही असं वाटतं खरं, पण इथे तो तीन आकड्यांत संपतो, आणि नेमकं त्यामुळेच तो कोडमध्ये मावतो.

दुसरी तीन उत्तरं उलट बाजूने येतात. तोच अंदाजक याद्यांची अदलाबदल करून चालवा. आता तो सांगेल की समोरच्याच्या नजरेने तुमची पुढची चाल कोणती. तिला ‘क’ म्हणू. तो क अधिक १ टाकणार, म्हणून तुम्ही क अधिक २. पुढच्या दोन पायऱ्यांवर क अधिक १ आणि क. उदाहरण घ्या: आपण कागद सर्वांत जास्त टाकलाय आणि समोर ‘सर्वांत जास्त टाकलेल्याला हरवणारा’ आहे. क म्हणजे १. तो कात्री टाकतो. १ अधिक २ भागिले ३ची बाकी ०, म्हणजे आपण दगड. एक ओळ पुरली.

अदलाबदल करताना किल्लीत निकाल साठवला असेल तर तोही उलटवा. चाली उलटवल्या आणि ‘जिंकलो-हरलो’ तसंच राहिलं, तर ही तिन्ही उत्तरं कचरा होतात.

वारंवारतेचा एक, संदर्भाचे दोन आणि जुळणीचे तीन असे सहा अंदाजक धरले, तर प्रत्येकी सहा उत्तरं मिळून ३६ सल्लागार झाले.

कोणाचं ऐकायचं

दर फेरीत सगळ्या ३६ जणांचा सल्ला आधी लिहून ठेवा. चाली उघडल्यावर प्रत्येकाला गुण द्या: त्याचा सल्ला जिंकला असता तर +१, हरला असता तर −१, बरोबरीला ०. जुना गुण ०.९ने गुणून त्यात हा मिळवा. पुढच्या फेरीत सर्वांत जास्त गुणवाल्याचं ऐका. ज्याचं ऐकलं त्यालाच गुण देऊन थांबू नका. बाकीचे ३५ जण कधी तपासलेच जात नाहीत आणि बॉट पहिल्या फेऱ्यांत योगायोगाने वर आलेल्याला चिकटून बसतो.

आता खरी अडचण. समोरचा पूर्ण यादृच्छिक असला तरी ३६ जणांत कोणी ना कोणी नशिबाने वर दिसणारच. आकडेमोड करून बघा. एका फेरीच्या गुणांचं विचरण (सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गांची सरासरी) २/३ असतं. ०.९ गुणकाने साचत गेलेल्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे विचरणाचं वर्गमूळ, मग साधारण १.९ भरतं. ३६ स्वतंत्र सल्लागारांतला अव्वल शून्याच्या वर सुमारे दोन विचलनं असतो, म्हणजे ४च्या आसपास. आपले सल्लागार एकमेकांशी बरेचदा सहमत होतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमीच येतो. तेव्हा उंबरठा ४ ठेवा. सर्वोत्तम गुण त्याखाली असेल तर कोणाचंही न ऐकता यादृच्छिक चाल टाका.

हा उंबरठा कसा वागतो तेही बघा. सलग जिंकणारा सल्लागार शून्यापासून पाच फेऱ्यांत ४च्या वर जातो आणि त्याच्या गुणांची कमाल १० असते. समोरच्याने अचानक पवित्रा बदलला आणि सल्ला दर फेरीला हरू लागला, तर १०वरून ८, ६.२, ४.६, ३.१ असं घसरत चौथ्या हारीला तो उंबरठ्याखाली जातो. चार फेऱ्यांचं नुकसान परवडतं.

पण कललेला बॉट आठवा, ६०% कात्रीवाला. त्याच्यासमोर सतत दगड टाकणाऱ्याची मिळकत फेरीला ६० वजा २०, म्हणजे ०.४. ०.९च्या आठवणीत हे साचून सरासरी ४ होतात. म्हणजे अचूक सल्लागार नेमका उंबरठ्यावर लटकतो आणि बॉट साधारण निम्मा वेळ त्याला सोडून देतो. ०.९९च्या आठवणीत त्याचेच ४० होतात, तर नशिबाची पातळी १२च्या आसपास असते. मंद सवयी लांब आठवणीतच दिसतात. उलट पवित्रा बदलणाऱ्यासमोर लांब आठवण मार खाते: १००वरून १२च्या खाली यायला सलग ५८ हारी लागतात.

दोन्ही ठेवा. एक निवडकर्ता ०.९ आणि उंबरठा ४चा, दुसरा ०.९९ आणि उंबरठा १२चा. दोघांच्या निवडीला पुन्हा त्याच पद्धतीने ०.९५ गुणकाने गुण द्या आणि वरचढ असेल त्याची चाल टाका. ‘आयोकेन पावडर’मध्ये हेच काम १०००, १००, १०, ५, २ आणि १ अशा सहा कालखंडांनी होतं. सहा ठेवायला हरकत नाही, पण आधी दोघांवर घडी बसू द्या.

माघार

तुमच्यापेक्षा एक पायरी वर असलेला प्रतिस्पर्धी भेटणारच. त्याच्यासाठी एकूण गुणांवर लगाम हवा: सामन्यातला एकूण फरक −३०च्या खाली गेला की उरलेला सामना यादृच्छिक. हा आकडा हवेतला नाही. निव्वळ नशिबाने १,००० फेऱ्यांत फरकाचं प्रमाण विचलन सुमारे २६ असतं. −३० नशिबानेही येऊ शकतो, पण तेव्हा यादृच्छिक होण्यात फारसं गमावत नाही.

थोडं मऊ धोरणही आहे: मॉडेलप्रमाणे ठरावीक शक्यतेनेच खेळायचं, उरलेला वेळ यादृच्छिक. निम्मा वेळ मॉडेल चालवलं तर कमाई निम्मी होते आणि समोरचा जास्तीत जास्त जे वसूल करेल तेही निम्मं. याच विचाराची पक्की आवृत्ती योहॅन्सन, झिंकेविच आणि बोलिंग या अल्बर्टाच्याच संशोधकांनी २००७मध्ये पोकरसाठी मांडली: प्रतिस्पर्धी काही शक्यतेने मॉडेलप्रमाणे आणि उरलेल्या शक्यतेने मनाला येईल तसा खेळतो असं धरून उत्तर काढायचं. कमाईत थोडी काटछाट होते, पण आपल्यातल्या फटी त्याहून कितीतरी जास्त बुजतात.

यादृच्छिक चाल खरोखर यादृच्छिक असू द्या. पायचे अंक, ठरलेली क्रमावली, सेकंदावरून पेरलेला जनरेटर यांपैकी काहीही नको. क्रम ठरलेला असेल तर दुसऱ्या सामन्यात जुळणीवाला बॉट तो अक्षरशः वाचून दाखवतो.

तपासणी

पहिली परीक्षा यादृच्छिक बॉटशी. १,००० फेऱ्यांचे १०० सामने खेळा. सरासरी फरक शून्याजवळ, साधारण ±५च्या आत हवा. एखाद्या सामन्यात +६० आलं तर ते नशीब आहे. सरासरीच +८० आली तर आनंदू नका: बॉट चालू फेरीतली त्याची चाल ठरवण्याआधीच वाचतोय. यादृच्छिकाला हरवता येत नाही, म्हणून ही परीक्षा चोरी हमखास पकडते.

मग सरावाचे पाच आणि शेवटी बाजूला काढलेले दोन. दोन आवृत्त्यांची तुलना एकाच सामन्यावरून कधीही करू नका. १०० सामन्यांच्या सरासरीत नशिबाचा वाटा २.६पर्यंत खाली येतो, तेव्हा कुठे १०-१५ गुणांचा फरक खरा मानता येतो.

समोर माणूस असेल तर

माणूस हजार फेऱ्या खेळत नाही, वीस-तीसमध्ये कंटाळतो. तेवढ्यात शिकायचं तर चालींऐवजी वळणं नोंदवा: त्याने तीच चाल ठेवली, एक पायरी वर गेला की एक पायरी खाली आला. किल्ली: मागच्या फेरीचा निकाल आणि त्याचं मागचं वळण, एकूण नऊच संदर्भ. ‘हरल्यावर वर सरकतो’ ही सवय दगडावर दिसली की कागद आणि कात्रीवरही लगेच लागू होते, वेगळी शिकावी लागत नाही.

आणि ही सवय खरीच असते. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठात विद्यार्थ्यांना ३०० फेऱ्या खेळवून केलेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. जिंकलेले तीच चाल टिकवण्याकडे झुकत होते, हरलेले बदलण्याकडे. म्हणून माणसासाठी मोजके सरसकट १पासून सुरू न करता ‘जिंकल्यावर तेच’ या खान्यात सुरुवातीलाच २ ठेवा.

पोकरकडे जाताना

पुढचा खेळ म्हणून हॅरॉल्ड कून यांनी १९५०मध्ये मांडलेला तीन पत्त्यांचा पोकर घ्या: गुलाम, राणी, राजा, आणि एकच बेट (पैज). दगड-कागद-कात्रीत समोरच्याची चाल दर फेरीला दिसते. इथे तुम्ही फोल्ड केलंत, म्हणजे पैज न स्वीकारता पत्ता टाकलात, की त्याचा पत्ता कळतच नाही, आणि मॉडेल गुपचूप वाकडं होतं.

किती वाकडं ते मोजता येतं. समतोल खेळात (जिथे एकट्याने खेळ बदलून कोणाचाच फायदा होत नाही) पहिला खेळाडू राजावर जितक्या वेळा बेट लावतो त्याच्या एक तृतीयांश वेळा गुलामावर, म्हणजे ब्लफ (हूल) म्हणून, लावतो. त्याच्या एकूण बेटांत ब्लफ २५%. आता तुम्ही राजा असताना नेहमी कॉल करता (पैज स्वीकारून पत्ते उघडता), राणीवर तीनांत एकदा आणि गुलामावर कधीच नाही. उघडलेल्या हातांतच मोजलं तर तुमच्या गुलामासमोरचे त्याचे सगळे राजे झाकलेलेच राहतात, आणि दिसलेल्या बेटांत ब्लफचं प्रमाण ७ला ४, म्हणजे ५७% निघतं. मॉडेल म्हणणार, ‘हा तर सारखा ब्लफ करतो’, आणि तुमचा बॉट राणीवर प्रत्येक बेटला कॉल करत सुटणार.

म्हणून झाकलेला हात नोंदीतून वगळू नका. तुमच्या हातात गुलाम होता आणि फोल्ड केलंत, तर समोर राजा किंवा राणी होती. राणीवर तो बेट लावतो किती, हे मॉडेलच्या आताच्या अंदाजावरून घ्या आणि १ची नोंद त्या प्रमाणात दोन खान्यांत वाटून टाका. तुमच्या हातात राणी असेल तर सुरुवातीला राजाच्या खान्यात ०.७५ आणि गुलामाच्या खान्यात ०.२५. मॉडेल सुधारेल तशी ही वाटणी दर शंभर हातांनी नव्याने काढा.